खडखड्यावरची एरियल

गेल्या महिन्यात आमच्या खात्यात एक नवी मोटार आली. तिच्यात रेडिओ बसवायचा हुकूम होता. रेडिओ खोक्यातून निघाला, तारा उलगडून झाल्या, आणि सगळं अडलं ते एकाच प्रश्नापाशी: एरियलची दांडी गाडीवर लावायची कुठे? एकजण म्हणाला टपावर, दुसरा म्हणाला पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, तिसरा म्हणाला मागे. चहा दोनदा झाला तरी वाद मिटेना. शेवटी हेडक्लार्क म्हणाले, "भांडता कशाला? साहेबांना विचारा. साहेबांनी मोठ्या महाराजांच्या काळात खडखड्यावर एरियल बसवली होती. तेव्हा गावात कुणी रेडिओ हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता."

सगळे माझ्याकडे वळले. वीस वर्षांत ही स्तुती मी कितीतरी वेळा ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी मान हलवली आहे. त्या दिवशीही हलवली. घरी आलो, जेवायला बसलो, आणि घास उतरेना.

खडखड्यावर एरियल मी बसवली, हे खरं आहे. पण ती बोलली कशामुळे, हे मी आजवर खोटं सांगत आलो.

पहिली लढाई संपून मी मेसोपोटेमियातून परत आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. फौजेत माझी नेमणूक बिनतारी यंत्राच्या तुकडीत होती. पण यंत्राशी बसत ते गोरे तारवाले. माझ्याकडे खेचरं होती. यंत्राची खोकी खेचरांवर लादायची, मुक्कामाला उतरवायची, वासे उभे करायचे, दोर ताणायचे आणि तांब्याच्या तारेची एक लांबलचक जाळी जमिनीवर अंथरायची. ती जाळी कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. यंत्राला ओल लागू नये म्हणून सतरंजीसारखी घालत असतील, अशी माझी समजूत. एकदा एका बड्या साहेबानं माझ्याकडे बोट दाखवून आमच्या सार्जंटला काही विचारलं. सार्जंट म्हणाला, खेचरं धरणारा. मला इंग्रजी फार येत नव्हतं, पण तेवढं कळलं. ते इतकं लागलं की गावी पाठवलेल्या पुढच्याच पत्रात मी लिहिलं, मी आता तारवाला झालो आहे.

सार्जंट माणूस वाईट नव्हता. छावणी मोडताना त्यानं मला एक जुनं कानयंत्र दिलं, शिशासारखा चकचकीत एक खडा दिला, आणि तास-दोन तास समोर बसवून दाखवलं की तार नळकांड्यावर कशी गुंडाळायची, खड्यावर बारीक तारेचं टोक कसं टेकवायचं. एक तार वर वाशाला जाते, दुसरी खाली लोखंडाला बांधायची, एवढं मी पाठ केलं. तेवढ्या शिदोरीवर मी कोल्हापुरात उतरलो.

दरबारातले एक अधिकारी टेलिफोनचं काम बघत. त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"बिनतारी यंत्र चालवता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं, साहेब."

"मग ऐक. घराच्या छपरावर वासा उभारून ऐकवलंस तर त्याचा मला उपयोग नाही. महाराज शिकारीला निघाले की आज या रानात, उद्या त्या रानात. निरोपासाठी स्वार पळवावे लागतात. गाडीवर ऐकवून दाखव. पंधरा दिवसांनी मी बघायला येईन. ऐकू आलं तर आमच्या खात्यात तुला जागा. नाही आलं तर शेत आहेच."

शेत थोरल्या भावाच्या हाती होतं. पण मला भीती शेताची नव्हती. गावात पारावर बसून मी ज्या गप्पा मारल्या होत्या त्यांची होती. यंत्र मुकं राहिलं असतं तर गावाला कळलं असतं की हा तारवाला नव्हता, खेचरंवाला होता. पंधरा दिवसांत मला एका गाडीला कान लावून द्यायचे होते.

गंगावेशीच्या अलीकडे एका मुसलमान मिस्त्रींचा टांग्यांचा कारखाना होता. पन्नाशीचे गृहस्थ, बुटके, दाढीत कायम लाकडाचा भुसा. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्यांच्या अंगणात एक जुना खडखडा पडून होता. खडखडा म्हणजे घोडी गाडीला तयार करायची दणकट चारचाकी. टप नाही, गादी नाही, उंच बैठक आणि चालताना असा आवाज की नाव ठेवायला कुणाला विचार करावा लागला नसेल. कुणा सरदाराघरून तो दुरुस्तीला आला होता आणि न्यायला कोणी आलंच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. मी तारवाला होतो, हेही सांगितलं.

चाचांनी कानयंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं, वास घेतला आणि म्हणाले, "आणि ह्यातनं पुण्याचं ऐकू येणार?"

"पुण्याच्या छावणीत बिनतारी ठाणं आहे, चाचा. रोज दुपारी चारला सरावाचे संदेश सोडतात. मी सुटून येताना ऐकलेत."

"तारंबिगर?"

"तारेशिवाय."

"लई थापा मारतोयास, पावणं," चाचा म्हणाले आणि लगेच उठून खडखड्यावरचं पोतं ओढून काढलं. "चल, बघूया. मला बाकी काय नको. एकदा कानानं ऐकीव, बास."

ते दिवस आठवले की आजही माझे हात शिवशिवतात. उन्हाळ्याचे दिवस. सकाळी सातला मी कारखान्यात हजर असायचो. चाचांनी वाशासाठी बावीस फुटांचा भरीव कळक निवडून आणला. दोन्ही टोकांना तार वाशापासून वेगळी ठेवायला चिनी माती हवी होती. ती दुकानात मिळेना, तेव्हा चाचा समोरच्या चहावाल्याकडे जाऊन फुटक्या कपांचे कान मागून आले. चहावाला ओरडला, "मिस्त्री, कानच न्हेताय, कप कुणाला देऊ?" चाचा म्हणाले, "कप तुझ्या सासऱ्याला दे. त्याला तसंबी कान न्हाईत."

आणि मग तोच प्रश्न आला, जो आज माझ्या खात्यातल्या लोकांना पडला आहे. वासा लावायचा कुठे?

मी म्हणालो, पुढे. हाकणाऱ्याच्या बैठकीला चाबूक खोचायची लोखंडी नळी होती, तिच्या शेजारी. चाचांनी हूं केलं आणि तिथे वासा आवळून दिला. वाशाच्या टोकापासून तार मागच्या कठड्यापर्यंत ताणली. चाचांची म्हातारी घोडी जुंपली. खडखड्याला एरवी दोन घोडी लागतात, पण चाचांकडे ती एकच होती आणि तिच्यासाठी त्यांनी दांड्या बदलून घेतल्या होत्या. घोडी इतकी शांत की जुंपताना वासा कलंडून तिच्या मानेवर आला, तर तिनं माशी आल्यासारखा एक कान हलवला.

आम्ही गल्लीतून बाहेर पडलो आणि पहिल्याच वळणावर खडखड्याची पुढची चाकं वळली, बैठक तिरकी झाली, तार कठड्याच्या खिळ्याला अडकली आणि तटकन तुटली. तुटलेलं टोक माझ्या पागोट्याला गुंडाळलं. पेठेतली माणसं हसून लोळली.

"पुढं न्हाय," चाचा म्हणाले.

मग मी म्हणालो, मधोमध. फळीला भोक पाडून वासा थेट खाली आखावर टेकवू. आख म्हणजे दोन चाकांमधला लोखंडी दांडा. त्याच्यावर लाकडाचा ओंडका बसवलेला असतो आणि गाडीचा सगळा भार त्यावर असतो. मी भोकाची जागा खडूनं आखली, तर चाचांनी हातातला सामता, भोक पाडायचं हत्यार, माझ्या पायाशी आपटला.

"त्या वंडक्याला भोक? लेका, माणसाच्या मणक्याला कुणी भोक पाडतंय व्हय? खड्ड्यात आपटली की दोन तुकडं. मग पुण्याचं ऐकत बस रस्त्यात."

दोन दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मला सुचलं की खडखड्याच्या मागे माणसानं चढायची एक पायरी असते आणि ती आखाच्या ओंडक्यालाच दोन लोखंडी हातांनी धरलेली असते. त्या हातांना वासा आवळला तर भोक पाडायलाच नको, आणि पुढची चाकं कितीही वळली तरी तार मधल्या कठड्याच्या पुढे जाणार नाही. मी हे बोललो तेव्हा चाचा उकिडवे बसून पायरीखाली बघत राहिले. मग हसत वर बघितलं. "ह्ये बरं सुचलं तुला. ह्ये येकदम कामाचं." आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन पट्ट्या तापवून, वाकवून अशा पकडी केल्या की चार माणसं वाशाला लोंबकळली असती तरी तो हलला नसता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खडखडा कळंब्याच्या माळावर नेला. तिथे झाडं नव्हती, घरं नव्हती. यंत्राची एक तार वाशावरून आली, दुसरी मी खाली आखाला बांधली. चार वाजले. कानयंत्र कानाला लावलं, खड्यावर तारेचं टोक टेकवलं.

काही नाही.

टोक हलवलं, दुसरीकडे टेकवलं. काही नाही. वाऱ्याचा आवाज आणि माझ्या स्वतःच्या रक्ताचा.

तीन दिवस आम्ही त्या माळावर जात होतो. वासा थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. तार दुहेरी केली, चौपदरी केली. शेतावरून जाणारे लोक थांबायचे. एकानं विचारलं, "काय पावणं, चंद्राला शिडी लावताय व्हय?" चाचा म्हणाले, "व्हय. तुझी सासुरवाडी तिकडंच हाय न्हवं?"

चौथ्या दिवशी कानात खर्र झालं. मी गाडीवर उभा राहून ओरडलो, "बोललं! चाचा, बोललं!" चाचा वर चढले, कान लावला. पुन्हा खर्र. माझे डोळे भरून आले होते. चाचांनी कान लावलेलाच ठेवून जोतिबाच्या डोंगराकडे बघितलं. तिकडे वळवाचा काळा ढग आला होता.

"पावणं, तिकडं बघ. ईज चमकली की बोलतंय."

मी बघितलं. वीज चमकली, आणि लगेच कानात खर्र. पुन्हा चमकली, पुन्हा खर्र. ज्याच्यावर माझं सगळं आयुष्य टांगलं होतं ते यंत्र मला वीज ऐकवत होतं. मी गाडीतच बसलो. चाचा मात्र वेगळेच खूष झाले होते. "अरे, पर ऐकतंय तर खरं! तिकडची ईज हिकडं ऐकू येती. म्हंजे यंत्राला कान हायती. आता पुण्याचा आवाज कुठं आडलाय, तेवढं बघायचं." मी पंधरा दिवसांतले किती उरले ते मोजत होतो. तीन.

दुसऱ्या दिवशी चाचांनी सकाळीच सांगितलं, "आज पयलं चाकं भिजवायची. उन्हानं आरं ढिलं झाल्यात, धाव सुटाय आली. साहेबासमोर चाक निखळलं तर माझी इज्जत जाईल."

लाकडी चाक उन्हाळ्यात सुकतं आणि आवळून बसवलेली लोखंडी धाव सैल होते. म्हणून गाडीवाले चाकं पाण्यात भिजत ठेवतात. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट बसते. कळंब्याच्या तळ्याच्या बांधाखाली झिरपलेल्या पाण्याचं एक मोठं डबकं होतं. आसपासचे शेतकरी आपल्या बैलगाड्या तिथेच उभ्या करायचे. दुपारी चाचांनी घोडीला हळूहळू आत नेलं. पाणी धावेला लागलं, आऱ्यांना लागलं, आणि आख पाण्यात गेला तेव्हा त्यांनी थांबवलं. घोडी पोटापर्यंत पाण्यात उभी राहून पाणी पिऊ लागली.

मी बैठकीवर बसून होतो. दुपार वाया जाऊ नये म्हणून, खरं तर सवयीनं, कानयंत्र लावलं. चार वाजून गेले असतील. खड्यावर टोक टेकवलं.

टी. टी-टी-टी. टी-टी.

मला वाटलं, पाण्यातला बेडूक. टोक उचललं, आवाज थांबला. टेकवलं, पुन्हा आला. स्वच्छ, बारीक, नेमका. लांब आणि आखूड, लांब आणि आखूड. असा आवाज मी शेकडो दिवस खेचरांशेजारी बसून तंबूच्या कापडामधून ऐकला होता.

मी काय ओरडलो ते आठवत नाही. चाचा कमरेपर्यंत पाण्यातून गाडीवर चढले, ओले हात कुर्त्याला पुसून कानयंत्र घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा लहान मुलाला कुणी खांद्यावर घेतलं की होतो.

"या अल्ला! रातकिडा हाय की ह्यो! पुण्याचा रातकिडा!"

आम्ही दोघं त्या डबक्यात गाडीवर उभे राहून एकमेकांना मिठ्या मारत होतो. खडखडा हलला, वासा हलला, बांधावरचा एक शेतकरी ओरडला, "ओ, बुडशीला!"

"बघितलंत?" मी म्हणालो. "मागची जागा बरोबर होती! वासा मागे घेतला म्हणून ऐकू आलं."

कानयंत्र तसंच धरून चाचा पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "वासा काल बी मागंच हुता की. परवा बी मागंच हुता." खाली उतरले, आणि कानयंत्र माझ्या हातात देऊन घोडीला म्हणाले, "चल गं, भाईर."

"चाचा, बाहेर कशाला? चालू आहे ना!"

"ऐकत ऱ्हा. काय हुतंय सांग."

गाडी काठाकडे सरकली. आवाज बारीक झाला. आख पाण्याबाहेर आला आणि रातकिडा बारीक होत होत मरून गेला. "गेला," मी म्हणालो. चाचांनी घोडी फिरवली, पुन्हा आत. आख पाण्यात गेला, आवाज आला. तिसऱ्यांदा बाहेर, तिसऱ्यांदा आत. मग त्यांनी वासा कलंडवून बघितला. आवाज थोडा कमी झाला, पण गेला नाही.

"मागं-पुढं न्हाय रं पावणं," चाचा म्हणाले. पाण्यातला आख हातानं चाचपत होते. "आपण समदं ध्यान वर दिलं. खाली ह्येला जमीन पायजे. तू दुसरी तार आखाला बांधलीस, पर आख कशावर हाय? लाकडाच्या चाकावर. सुक्या. ह्यो तालमीतला गडी हवेत लोंबकळत हुता. पाय टेकल्याबिगर डाव कसा टाकंल?"

त्या क्षणी मला ती तांब्याची जाळी आठवली. दोन वर्षं मी ती माझ्या हातांनी रोज अंथरली आणि गुंडाळली होती. सतरंजी! हे मला ठाऊक असायला हवं होतं, आणि ज्यानं समुद्र पाहिला नव्हता त्यानं ते डबक्यात उभं राहून दहा मिनिटांत शोधलं होतं.

मी चाचांना जाळीबद्दल सांगितलं नाही. माझं पहिलं खोटं उघडं पडलं असतं. तारवाल्याला हे ठाऊक नव्हतं, असं कसं सांगू?

चाचांनी पुढचंही सुचवलं. आखाला लोखंडी साखळी बांधायची, जिथे मुक्काम तिथे छोटा खड्डा करायचा, साखळी त्यात सोडायची आणि पखालीनं पाणी ओतायचं. दुसऱ्या दिवशी माळावर ते करून बघितलं. रातकिडा बोलला. डबक्यातल्याइतका मोठा नाही, पण बोलला. परतताना चाचा इतके आनंदात होते की वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "ह्यानं पुणं ऐकीवलं मला!" लक्षात घ्या, आपण ऐकवलं असं ते म्हणत नव्हते. ते माझं नाव पुढे करत होते.

पंधरावा दिवस. अधिकारी घोड्यावरून कळंब्याला आले, बरोबर दोन स्वार. आवाज सर्वांत स्पष्ट यावा म्हणून आम्ही खडखडा डबक्यातच उभा केला होता. तळाला कुठे किती खोली, ते चाचांना पाठ होतं; ते पाण्यात उभे राहून आख किती बुडाला ते बघत होते. चार वाजले. मी टोक टेकवलं आणि कानयंत्र साहेबांच्या हाती दिलं. ते गाडीवर माझ्याशेजारी बसले होते. त्यांचे डोळे मोठे झाले. एक मिनिट, दोन मिनिटं. मग त्यांनी कानयंत्र काढलं आणि माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की मी पाण्यात पडता पडता वाचलो.

"पण गाडी पाण्यात कशाला?"

इथे मी सगळं सांगू शकत होतो. चाचा हाताच्या अंतरावर उभे होते.

"साहेब, यंत्राला जमीन लागते. बसऱ्याला आम्ही तांब्याची जाळी अंथरत असू. इथे चाकं लाकडी, म्हणून मी पाण्याची युक्ती काढली. रानात साखळी आणि पखालीवर भागेल."

"शाबास! हे डोकं आहे," साहेब म्हणाले. मग त्यांची नजर चाचांकडे गेली. "आणि हे कोण?"

मी क्षणभरही थांबलो नाही. आज वाटतं, थांबलो असतो तर जीभ वळली असती.

"हे घोडं धरायला आलेत, साहेब."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नवीन लाकूड तपासताना गाठ दिसली की ते जसं बघायचे, तसं. मग त्यांनी घोडीच्या तोंडाशी जाऊन तिचा लगाम हातात घेतला आणि म्हणाले, "व्हय सरकार. घोडं धराय आलोय."

मला जागा मिळाली. महाराज पुढे लवकरच गेले, शिकारीच्या तळावरच्या बिनतारीची गोष्ट कागदावरच राहिली, पण माझी नोकरी राहिली. त्या दिवशी मी खरं बोललो असतो तर चाचांना दरबारच्या गाडीखान्यात बोलावणं आलं असतं का, मला ठाऊक नाही. ते कळण्याची वाट मीच बंद केली. पुढे मोटारी आल्या, टांगे कमी झाले, आणि गंगावेशीवरून जाताना मी बाजूची गल्ली धरू लागलो.

गेल्या महिन्यात त्या न जेवलेल्या दिवशी हे सगळं डोक्यात घोळलं. सकाळी मी हेडक्लार्कांना म्हणालो, "मोटार काढा. एरियल कुठे लावायची ते विचारायला जायचं आहे." "कुणाला, साहेब?" "ज्यानं खडखड्यावरची बोलती केली त्याला."

कारखाना तिथेच होता. आता चाचांचा मुलगा तिथे मोटारींना लाकडी बॉड्या बांधतो. चाचा दाराशी बाजेवर बसले होते. सत्तरीचे, दाढी पांढरी, पण भुसा तोच. खात्याची सगळी माणसं, चहावाला, चाचांचा मुलगा यांच्यासमोर मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. खेचरं, जाळी, डबकं, आणि ते वाक्य. हेडक्लार्क खाली बघत होते.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"ईस वर्सं लागली व्हय तुला?"

"लागली, चाचा."

"अक्कल न्हेलीस, न्हे की. अक्कल काय, उद्या दुसरी ईल." त्यांचा आवाज चढला, म्हाताऱ्या माणसाचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "पर घोडं धराय आलो म्हणालास! माझी घोडी! तिच्या अंगावर वासा पडला तर तिनं पाय हलीवला न्हाय. ती कवा धराय लागत हुती रं? समद्या पेठंला ठाऊक हुतं, मिस्त्रीची घोडी धराय लागत न्हाय. ते तुला ठाऊक असून म्हणालास!"

मी हात जोडले. चहावाला हसला, मग चाचांचा मुलगा हसला, आणि मग स्वतः चाचा हसले, खोकेपर्यंत. मला मात्र हसू आलं नाही. बरं झालं की आलं नाही.

"आणि दुसरं ऐक," खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "सांगतोयास तर समदं बराबर सांग. वासा मागं पायरीला लावायचं तुझं डोकं हुतं. ते माझ्या नावावर घालू नगो. मला चालायचं न्हाय."

मग ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उठले आणि मोटारीभोवती फिरू लागले. पत्र्यावर बोटांनी टकटक करत. वाकून रबरी टायर दाबून बघितले. "हिला आता कुठल्या डबक्यात घालायची?" मी सांगितलं की गाडीचा सगळा लोखंडी सांगाडाच आता जमिनीचं काम करतो, फक्त दांडीच्या बुडाशी दुसरी तार लोखंडाला घट्ट लागली पाहिजे. त्यांचे डोळे डबक्यातल्या त्या दिवसासारखे चमकले. "आसं व्हय? म्हंजे रंगावर न्हाय लावायची. रंग खरडाय पायजे."

पुढच्या पत्र्याच्या एका कोपऱ्यावर, जिथे आतून जाड पट्टी होती, त्यांनी नखानं खूण केली. "हितं. पत्रा हलत न्हाय. दार उघडताना लागत न्हाय. खालनं नट घालाय हात जातोय."

मुलगा सामता घेऊन आला. चाचांनी दांडी माझ्या हातात दिली.

"धर. सरळ धर. हलीवलीस तर बघ."

माझ्या खात्यातली माणसं बघत होती. मी दोन्ही हातांनी दांडी धरून उभा राहिलो, आणि चाचा रंग खरडू लागले.